संग्रहालयात साखरपुड्याची छायाचित्रे : नाशिककरांसाठी नियोजनाचा मार्गदर्शक

साखरपुड्याची तारीख ठरली की नाशिकमध्ये छायाचित्रांसाठी बहुतेकांची गाडी गंगापूर धरणाच्या काठाकडे, एखाद्या द्राक्षमळ्याकडे किंवा त्र्यंबक रस्त्यावरच्या रिसॉर्टकडे वळते. त्या जागा वाईट नाहीत. मात्र तेथे काढलेली छायाचित्रे आता एकमेकांसारखी दिसू लागली आहेत, आणि त्यामुळे काही जोडपी जुना वाडा, वस्तुसंग्रहालय किंवा कलादालन यांचा विचार करतात. विचार उत्तम आहे, पण रिसॉर्टमध्ये पैसे भरले की जागा काही तासांपुरती आपली होते, तसे संग्रहालयात होत नाही. तेथे आपण पाहुणे असतो, वस्तूंचा मान पहिला असतो आणि इतर प्रेक्षकांचा हक्क आपल्याइतकाच असतो. ही अट मान्य असेल तरच पुढे जावे.

नियोजनाचा क्रमही येथे वेगळा ठेवावा लागतो. सर्वसाधारणपणे कपडे आधी ठरतात, मग छायाचित्रकार, मग तारीख आणि शेवटी जागा. संग्रहालयाच्या बाबतीत जागा प्रथम, परवानगी दुसरी, तारीख तिसरी आणि कपडे त्यानंतर, असा क्रम धरावा. कारण जागेच्या भिंतींचा रंग, प्रकाश आणि नियम यांवर पुढचे जवळजवळ सर्व निर्णय अवलंबून असतात.

जागा निवडणे

नाशिकमध्ये केवळ चित्रांना वाहिलेले, मुंबईच्या तोडीचे मोठे संग्रहालय शोधत बसल्यास निराशा पदरी येण्याची शक्यता अधिक आहे. मात्र शहरात आणि तासाभराच्या अंतरात अशा काही जागा आहेत की त्यांतील प्रत्येकीतून वेगळ्या स्वभावाची छायाचित्रे मिळू शकतात.

पहिले नाव सराफ बाजारातील सरकारवाड्याचे घ्यावे लागेल. पेशवेकालीन असलेला हा वाडा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या ताब्यात असून तेथे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. छायाचित्रणाच्या दृष्टीने येथील खरे धन म्हणजे वास्तू : काळा दगड, कोरीव लाकडी खांब आणि बाहेरून येणारा, अंगावर न कोसळणारा प्रकाश. ज्यांना साडी, धोतर, फेटा अशा पारंपरिक वेशात छायाचित्रे हवी आहेत त्यांनी या वाड्याचा विचार सर्वांत आधी करावा. अडचण आहे ती वाड्यापर्यंत पोहोचण्याची. सराफ बाजाराच्या अरुंद रस्त्यांवर चारचाकी नेणे हे धाडसच आहे, आणि बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरत असल्याने त्या दिवशी तर तो विचारही करू नये. गाडी दूर लावून रिक्षाने यावे, आणि भरजरी कपडे अंगावर चढवून बाजारातून चालत जाण्याची हौस नसेल तर कपडे बदलण्याची सोय कोठे होईल हे आधीच पाहून ठेवावे.

दुसरी जागा त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय. ही संस्था १९८० साली स्थापन झाली. नाणी लहान, काचेआड ठेवलेली, त्यामुळे पूर्णाकृती छायाचित्रांसाठी येथे फारसा वाव नाही. पण अंगठ्या हा साखरपुड्याचा केंद्रबिंदू असेल तर धातूच्या या छोट्या, घडीव वस्तूंच्या सान्निध्यात हातांची आणि अंगठ्यांची जी जवळची छायाचित्रे मिळतील ती रिसॉर्टच्या हिरवळीवर मिळणार नाहीत. नाशिक जिल्ह्याचा नाण्यांशी असलेला संबंधही जाणून घेण्यासारखा आहे. जोगलटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. एवढे वाचून गेलेले जोडपे काचपेटीसमोर खरोखर थबकते, आणि त्या थबकण्याचे छायाचित्र चांगले येते.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील गारगोटी संग्रहालय खनिजांचे आहे. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले हिरवट अपोफिलाइट, फिकट गुलाबी स्टिल्बाइट अशा खनिजांचे स्फटिक, यांना कलाकृती म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, पण कॅमेऱ्याला तो वाद ठाऊक नसतो. हे खासगी संग्रहालय असल्याने परवानगीचा विषय थेट व्यवस्थापनाशी बोलून सुटतो. त्याच फेरीत सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर बाहेरून पाहता येते. परंतु ते केंद्रीय संरक्षित स्मारक आणि पूजेतले शिवमंदिर अशी दोन्ही बंधने असलेले ठिकाण आहे, हे विसरू नये.

त्रिरश्मी लेणी, अर्थात पांडवलेणी, ही संग्रहालयाच्या व्याख्येत बसत नाहीत, तरी मूर्तिकला आणि कोरीवकाम यांसाठी शहराजवळ याहून मोठे दालन नाही. येथे चोवीस लेणी आहेत. जोडप्यांना माझी सूचना अशी की त्यांनी दहाव्या लेण्याची माहिती अवश्य करून घ्यावी : नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांचे लेख तेथे आहेत, आणि त्याची पत्नी दक्षमित्रा हिने स्वतःच्या नावाने दिलेल्या खोलीचाही लेख आहे. पतीपत्नी दोघांचीही नावे एकाच लेण्यात दगडावर राहिली आहेत. मात्र हे बौद्ध उपासकांचे श्रद्धास्थान आहे. मूर्तीसमोर मिठी, उचलून घेणे, स्तूपाला टेकून उभे राहणे यांना येथे जागा नाही. पायथ्याशी असलेले दादासाहेब फाळके स्मारक महापालिकेच्या अखत्यारीत आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करणाऱ्या आणि त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांची आठवण चित्रपटवेड्या जोडप्यांना तेथे खेचून नेते, आणि ते स्वाभाविक आहे.

ज्यांचा हट्ट चित्रे आणि घडीव दालनांचाच असेल त्यांनी सरळ मुंबई गाठावी. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याचे लोखंडी खांब, जिना आणि रंगवलेले छत यांची तुलना नाशिकमधील कशाशीही होणार नाही. पहाटेच आवरून नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडली तर दादरला उतरून लोकलने भायखळा गाठता येते. पण हा एक पूर्ण दिवसाचा आणि बराच अधिक खर्चाचा बेत होतो, आणि साडीच्या घड्या, दागिने व कॅमेऱ्याच्या बॅगा सांभाळत गर्दीच्या गाडीने जाणे प्रत्येकाला झेपत नाही.

परवानगी

नवख्यांची सर्वांत मोठी गैरसमजूत येथे होते. तिकीट काढून आत गेल्यावर भ्रमणध्वनीने किंवा हातातल्या कॅमेऱ्याने छायाचित्र काढण्याची मुभा अनेक ठिकाणी असते. त्यावरून व्यावसायिक छायाचित्रकार, दिवे, तिपाई, कपड्यांचे दोन-तीन बदल आणि सोबत चार माणसे यांनाही मुभा आहे असे गृहीत धरले जाते. ते चूक आहे. तिपाई उभी राहिली की बहुतेक ठिकाणी आपण ‘प्रेक्षक’ राहत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा हे जागेच्या मालकीवर ठरते. लेणी आणि गोंदेश्वर यांसारखी केंद्रीय संरक्षित स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि त्यांना १९५८ चा केंद्रीय कायदा लागू होतो. स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दगडावर बदामात नावे कोरण्याची परंपरा पुढे चालवण्याचा मोह होणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. सरकारवाड्यासाठी राज्य पुरातत्त्व खात्याच्या नाशिक येथील सहायक संचालकांच्या कार्यालयात जावे. खासगी संग्रहालये आणि संस्था आपापले नियम करतात आणि ते तोंडी बदलतात, म्हणून तेथेही उत्तर लेखी घ्यावे.

अर्ज नियोजित दिवसाच्या किमान महिनाभर आधी करावा. ई-पत्र पाठवले तरी एकदा प्रत्यक्ष जाऊन अर्जाची एक प्रत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. परवानगी तोंडी मिळाली आणि ज्यांनी दिली ते त्या दिवशी रजेवर असले, तर दारावरचा सुरक्षारक्षक ऐकणार नाही, आणि त्याने ऐकूही नये. अर्जाचा मजकूर पुढीलप्रमाणे असू शकतो :

“महोदय/महोदया, आमच्या साखरपुड्यानिमित्त आपल्या संग्रहालयाच्या आवारात व परवानगी असलेल्या दालनांत वैयक्तिक स्वरूपाची स्थिरचित्रे काढण्याची अनुमती मिळावी, ही विनंती. दिनांक …, वेळ सकाळी … ते …. उपस्थित व्यक्ती : आम्ही दोघे, एक छायाचित्रकार, एक साहाय्यक व कुटुंबातील एक व्यक्ती, असे एकूण पाच. साहित्य : दोन कॅमेरे, तीन लेन्स, एक घडीचा रिफ्लेक्टर. फ्लॅश, धूर, रंग, फुले, खाद्यपदार्थ व ड्रोन यांचा वापर केला जाणार नाही. कोणत्याही वस्तूस अथवा काचपेटीस स्पर्श केला जाणार नाही आणि इतर प्रेक्षकांची वाट अडवली जाणार नाही. छायाचित्रांचा वापर निमंत्रण, कौटुंबिक संग्रह व आमच्या वैयक्तिक समाजमाध्यम खात्यांपुरता राहील. जाहिरातीसाठी होणार नाही. लागू असलेले शुल्क व अनामत रक्कम भरण्यास आम्ही तयार आहोत. ज्या दालनांत छायाचित्रणास मनाई असेल त्यांची माहिती कळवावी.”

या मजकुरातील दोन गोष्टी मुद्दाम आहेत. ‘जाहिरातीसाठी होणार नाही’ असे लिहून दिल्यावर छायाचित्रकारालाही ते बंधनकारक ठरते. त्याला आपल्या व्यवसायाच्या पानावर ही छायाचित्रे टाकायची असतील तर त्याने तसे आधी सांगावे आणि अर्जात तशी दुरुस्ती व्हावी. आणि व्यक्तींची संख्या अर्जात लिहिली की ‘आत्यालाही यायचे आहे, काकूही येते म्हणतात’ या प्रश्नाला घरात एक अधिकृत उत्तर मिळते. दोन्ही घरांना मुलामुलीने एकटे जाणे रुचत नसेल तर सोबत एखादी करवली किंवा धाकटा भाऊ न्यावा. बॅग धरायला आणि साडीची नीरी सारखी करायला कोणी तरी लागतेच.

चित्रप्रदर्शनात छायाचित्रण करायचे असेल तर आणखी एक बाब येते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रावरील हक्क कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. भिंतीवर हयात चित्रकाराचे चित्र असेल आणि तेच आपल्या छायाचित्राचा मुख्य भाग होणार असेल, तर दालनाबरोबर त्या चित्रकाराचीही संमती विचारावी. बहुतेक कलावंत आनंदाने देतात आणि सोबत नाव लिहावे एवढेच मागतात.

ड्रोनचा विषय नाशिकमध्ये मुळातच सोडून द्यावा. देवळालीची तोफखाना प्रशिक्षण संस्था, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडची नोटांची छपाई अशी संवेदनशील ठिकाणे शहराभोवती आहेत.

तारीख आणि वेळ

अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, भाऊ दाजी लाड बुधवारी. तरीही आपल्या जागेची सुट्टी दूरध्वनीने खात्री करून घ्यावी. रविवार आणि शाळांच्या सहलींचा डिसेंबर-जानेवारीचा हंगाम टाळावा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडल्यापासूनचा पहिला दीड तास सर्वांत निवांत असतो आणि कर्मचाऱ्यांचा मूडही तेव्हा बरा असतो.

जोडप्यांना सहसा सूर्यास्ताचा सोनेरी प्रकाश हवा असतो. संग्रहालयात तो जवळजवळ कधीच मिळत नाही, कारण डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तोवर दालनांची आवराआवर सुरू झालेली असते. त्या प्रकाशाचा आग्रह असेल तर आतले काम सकाळी उरकून संध्याकाळी गोदाकाठी किंवा अन्य मोकळ्या जागी वेगळा तास ठेवावा.

पावसाळ्यात सरकारवाड्याचा बेत करणाऱ्यांनी गंगापूर धरणाच्या विसर्गाच्या बातम्या पाहत राहाव्यात. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कोठवर पाणी आले यावर नाशिककर पूर मोजतात. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजाराच्या परिसरात पाणी शिरले होते. बाकी ढगाळ दिवसाचे भय बाळगू नये. ढगांतून गाळून येणारा प्रकाश खिडकीशी उभ्या असलेल्या चेहऱ्यांना उन्हापेक्षा अधिक मानवतो. २०२७ च्या सिंहस्थाच्या काळात गोदाकाठ आणि जुने नाशिक यांतील वाहतूक व बंदोबस्त पाहता त्या काळात साखरपुडा असलेल्यांनी अंजनेरी आणि त्र्यंबक रस्ताही वगळून सिन्नर किंवा मुंबईचा पर्याय धरावा.

आधी एकदा पाहून येणे

परवानगी मिळाल्यानंतर, आणि शक्यतो नियोजित वेळेलाच, छायाचित्रकारासह तिकीट काढून एक साधी फेरी मारावी. या फेरीत छायाचित्रे काढण्यापेक्षा टिपणे काढावीत : कोणत्या खिडकीतून कोठवर प्रकाश येतो, कोणत्या दालनात मनाई आहे, लाकडी जिना किती अरुंद आहे, स्वच्छतागृह कोठे आहे, बॅगा कोठे ठेवायच्या. पाच-सहा जागा निश्चित कराव्यात. दहा-बारा जागा ठरवल्या की अर्धा वेळ चालण्यात जातो. त्या जागांचा क्रम असा लावावा की कपड्यांचा बदल एकदाच होईल.

याच फेरीत त्या जागेचा अभिरक्षक किंवा अनुभवी कर्मचारी भेटला तर त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे. कोणत्या वेळी कोणता खांब उजळतो हे रोज तेथे बसणाऱ्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते.

कपडे, दागिने, पादत्राणे

येथे दोन परस्परविरोधी गरजा आहेत आणि त्यांचा मेळ जागेवरूनच लागतो. जुन्या वाड्याच्या काळ्या दगडापुढे आणि गडद लाकडापुढे मरून, जांभळा, काळपट निळा हे रंग बुडून जातात. तेथे मोतिया, लिंबू, आंबा, फिकट गुलाबी असे रंग उठून दिसतात. उलट काचपेट्यांच्या दालनात फिकट कपडे काचेत स्पष्ट उमटतात आणि मागची वस्तू झाकतात, म्हणून तेथे गडद रंग हवेत. छायाचित्रकारानेही काचेच्या दालनासाठी काळा किंवा गडद सदराच घालावा, नाहीतर प्रत्येक छायाचित्रात तोही हजर राहील.

येवला आपल्याच जिल्ह्यात असल्याने पैठणीचा मोह होणे साहजिक आहे आणि तो आवरण्याचे कारण नाही. फक्त पैठणीची धूपछांव रंगत ही ताणा व बाणा वेगवेगळ्या रंगांचा असल्यामुळे येते. प्रकाशाच्या दिशेप्रमाणे एकच साडी कधी मोरपिशी तर कधी जांभळी दिसते. पाहणीच्या दिवशी साडीचा पदर सोबत नेऊन खिडकीशी धरून पाहावा. जरीचा पदर थेट दिव्याच्या झोताखाली आणू नये. तेथे कॅमेऱ्याला जर दिसत नाही, पांढरा डाग दिसतो. पदरावरचे मोर किंवा मुनिया दाखवायचे असतील तर पदर हातावर पसरून प्रकाश बाजूने येईल असे उभे राहावे.

गजरा हा नाजूक प्रश्न आहे. ताज्या फुलांबरोबर कीड दालनात येऊ शकते आणि वस्त्रे, लाकूड, कागद यांना किडीचे भय असते, म्हणून अनेक संग्रहालये फुले आत येऊ देत नाहीत. गजरा आवारातल्या छायाचित्रांसाठी राखून ठेवावा आणि आत जाताना काढावा, किंवा कापडी गजरा वापरावा. हळद-कुंकू, अक्षता, फुगे, रंगीत धूर यांचे नावही काढू नये.

उंच टाचांच्या चपलांनी जुन्या लाकडी फळ्यांच्या जमिनीवर खळगे पडतात. कोल्हापुरी चांगली दिसते, पण नवी असेल तर तिची करकर शांत दालनात सर्वांना ऐकू जाते; आठवडाभर घरात वापरून मग न्यावी.

प्रकाश आणि कॅमेरा

हा भाग छायाचित्रकारासाठी असला तरी जोडप्यानेही वाचावा, म्हणजे छायाचित्रकार निवडताना काय विचारायचे ते कळेल. पहिला प्रश्न हाच विचारावा : “फ्लॅशशिवाय घरात काढलेली छायाचित्रे दाखवता का?” उन्हातली सुंदर छायाचित्रे पाहून येथे काहीही ठरवता येत नाही.

संग्रहालयातील मंद प्रकाश हा निष्काळजीपणा नसतो. जलरंग, वस्त्रे, हस्तलिखिते यांवर साधारण ५० लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) आणि तैलरंगांवर साधारण २०० लक्सपर्यंतच प्रकाश ठेवावा असा जगभरचा प्रघात आहे, कारण प्रकाशाने रंग उडतात आणि ते नुकसान भरून येत नाही. ढगाळ दिवशी मोकळ्या आकाशाखाली हजारो लक्स प्रकाश असतो, यावरून फरक लक्षात यावा. एवढ्या कमी प्रकाशात काम करण्यासाठी एफ/१.८ किंवा एफ/२ पर्यंत उघडणारी (एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक) ३५ आणि ५० मिलीमीटरची लेन्स हवी. ८५ मिलीमीटरची लेन्स चेहऱ्यांना सुंदर असते, पण वाड्याच्या खोलीत मागे सरकायला जागाच उरत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० ते ३२०० पर्यंत नेण्यास घाबरू नये. थोडे कण दिसले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

शटरबाबत एक बारकावा नवख्या छायाचित्रकारांना हमखास चकवतो. दालनात आवाज होऊ नये म्हणून ते कॅमेऱ्याचे निःशब्द शटर सुरू करतात आणि घरी आल्यावर छायाचित्रांत आडवे पट्टे सापडतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक एलईडी दिवे आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण निःशब्द शटर छायाचित्र ओळीओळीने वाचत असल्याने त्याला कळते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवल्यास हा दोष बहुतांशी टळतो. दोघे स्थिर उभे असतील तर १/१०० पुरते.

रंगांची दुसरी अडचण म्हणजे मिश्र प्रकाश. खिडकीतून येणारा दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) निळसर, तर पिवळ्या दिव्यांचा सुमारे ३२०० केल्व्हिनचा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल निळा आणि अर्धा नारिंगी होतो, आणि तो संगणकावर सुधारणे कष्टाचे असते. दोनपैकी एक प्रकाश निवडावा आणि दुसऱ्याकडे पाठ करावी. खिडकी निवडली तर तिच्यापासून तीन-चार फुटांच्या आतच उभे राहावे, कारण खिडकीचा प्रकाश अंतराबरोबर झपाट्याने मंदावतो.

काचेतील प्रतिबिंबांसाठी पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, सुचवला जातो. तो उपयोगी आहे, पण दीड ते दोन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) प्रकाश खातो आणि ५० लक्सच्या दालनात तेवढा प्रकाश उधळायला नसतो. त्यापेक्षा काचेला अगदी समोरून न भिडता तिरके उभे राहावे. काचेला टेकून कधीही उभे राहू नये, कॅमेरासुद्धा टेकवू नये.

प्रत्यक्ष दिवशी

नियोजित वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे, परवानगीपत्राची छापील प्रत दारावर दाखवावी आणि एक प्रत हातात ठेवावी. सुरुवातीची दहा मिनिटे कॅमेरा बंद ठेवून दोघांनी दालनातून फिरावे. जोडपी पहिल्या काही मिनिटांत अवघडलेली असतात, आणि ती अवघडलेली छायाचित्रे कोणी ठेवत नाही.

उभे कसे राहावे याबद्दल इंटरनेटवर शेकडो नमुने सापडतील. त्यांतील बहुसंख्य नमुने संग्रहालयात शोभत नाहीत. माझे मत असे की येथे दोघांनी कॅमेऱ्याकडे पाहण्याऐवजी वस्तूंकडे पाहावे. एकाने वस्तूखालचा फलक वाचावा आणि दुसऱ्याला सांगावा. एका खांबावरचे कोरीवकाम कोणाला आवडले आणि कोणाला नाही, यावर खरोखर बोलावे. हात कोठे ठेवायचे हा प्रश्न त्यातून आपोआप सुटतो. छायाचित्रकाराने अशा वेळी थोडे दूर राहून, दारांच्या चौकटींतून किंवा खांबांच्या रांगेतून टिपावे. ‘हसा’ असे म्हणण्याची गरज साऱ्या सकाळीत दोन-तीनदाच पडावी.

इतर प्रेक्षक आले की थांबावे आणि त्यांना पुढे जाऊ द्यावे. अनोळखी चेहरे छायाचित्रात येणार नाहीत याची काळजी आपण घ्यायची असते. त्यांना बाजूला व्हा म्हणण्याचा अधिकार परवानगीपत्राने मिळत नाही. कर्मचाऱ्याने एखादी गोष्ट नको म्हटली तर वाद न घालता पुढच्या जागी जावे.

छायाचित्रांचा उपयोग कोठे होणार आहे हे त्या दिवशी लक्षात असावे. सभागृहातील एलईडी पडद्यासाठी आडवी छायाचित्रे लागतात आणि व्हॉट्सअॅपवरील निमंत्रणासाठी उभी. निमंत्रणासाठी वरच्या भागात अक्षरांना मोकळी जागा सोडलेली दोन-तीन छायाचित्रे मुद्दाम काढून घ्यावीत. भरगच्च कोरीवकामावर छापलेली तारीख वाचता येत नाही. अल्बमचे पान १२ बाय १८ इंचांचे आणि छपाई इंचाला ३०० ठिपक्यांची असेल तर सुमारे १९ मेगापिक्सेलचे छायाचित्र लागते, तेव्हा फार कातरावे लागेल अशी रचना नको.

नंतरची कामे

छायाचित्रकाराबरोबरचा करार पैसे देण्याआधी वाचावा. प्रताधिकार कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचे पहिले मालक, करारात वेगळे ठरले नसेल तर, ते काढून घेणारेच असतात. म्हणून छापील करारातील बारीक अक्षरांत हा हक्क सोडून दिलेला नाही ना, हे पाहावे. मूळ फाइल किती दिवस जपल्या जातील तेही लिहून घ्यावे, आणि मिळाल्यावर दोन निरनिराळ्या डिस्कवर ठेवाव्यात.

रंगसंस्करणात त्वचा उजळ करण्याचा आग्रह धरू नये. चेहरा उजळताना मागच्या लाकडाचा आणि दगडाचा रंगही फिका पडतो, आणि ज्या जागेसाठी एवढी खटपट केली ती ओळखू येईनाशी होते. समाजमाध्यमावर टाकताना संग्रहालयाचे पूर्ण नाव आणि ‘परवानगीने’ हा शब्द लिहावा, म्हणजे ते पाहून दुसरे जोडपे तिपाई घेऊन थेट दारात जाणार नाही. अनामत रक्कम भरली असेल तर ती परत घेण्यासाठी मूळ पावती लागते. ती परवानगीपत्राला टाचून ठेवावी. ठरलेल्या अटींत छायाचित्रांच्या प्रती कार्यालयात देणे असेल तर आठवडाभरात, निवडक पाच-सहा छायाचित्रांसह, त्या पोहोचवाव्यात आणि त्याचीही पोच घ्यावी.